एकोणीस मिनिटांचा व्यत्यय

माझ्या आईचा आवाज मला आठवत नाही. ती गेली तेव्हा मी अडीच वर्षांचा होतो. तिचे चार फोटो आमच्याकडे आहेत. त्यांतल्या एकात ती काहीतरी सांगता सांगताच टिपली गेली आहे: ओठ उघडे, एक हात हवेत. काय सांगत होती, ते फोटोला ठाऊक नाही. मावशी म्हणते, "तुझी आई भिंतीलाही बोलतं करायची." मी मात्र भिंतीच्या वळणावर गेलो.

खरं तर आमच्या घरात आवाजाची साठवण भरपूर होती. बाबा नकाशांच्या कचेरीत आरेखक होते. रेघ अर्ध्या केसाने हुकली तरी त्यांचं जेवणात लक्ष लागत नसे. घरात दूरचित्रवाणी संच आला त्या आठवड्यापासून त्यांनी एक नेम धरला. आवडलेला प्रत्येक कार्यक्रम कॅसेटवर उतरवायचा. चित्र साठवण्याची सोय तेव्हा आमच्यासारख्यांच्या घरी नव्हती. निदान आवाज तरी राहावा. संचाच्या जाळीपुढे दांडीवर मायक्रोफोन उभा करायचा, लाल कळ दाबायची आणि ओठांवर बोट ठेवून म्हणायचं, "शू." पुढचा अर्धा तास घरात कुणी बोलायचं नाही.

अशा दोनशे पाच कॅसेट. प्रत्येकीवर तारीख, कार्यक्रमाचं नाव आणि मिनिटं, सगळं आरेखकाच्या उभ्या, सारख्या अक्षरात.

विशीत आल्यावर मी त्या सगळ्या ऐकल्या. कार्यक्रमासाठी नव्हे, कार्यक्रमाच्या मागच्या खोलीसाठी. पक्ष्यांच्या स्थलांतरावर कुणी प्राध्यापक बोलत असत, आणि त्यांच्या दोन वाक्यांच्या मध्ये मला एक कप फार जपून बशीत ठेवल्याचं ऐकू येई. एकदा दाराची कडी, श्वास रोखून सरकवलेली. एकदा खोकला, तोही अर्ध्यात गिळलेला. सहा वर्षांत माझ्या हाती आईचं एवढंच लागलं: ती किती सांभाळून गप्प बसत असे. शब्द एकही नाही.

पुढे मी दूरचित्रवाणी केंद्रातच संग्रह विभागात लागलो. तिथे आल्यावर कळलं की केंद्राचा संग्रह आमच्या घरच्या फळीपेक्षा फारसा श्रीमंत नव्हता. सुरुवातीच्या काळात फिती अपुऱ्या असत. एका कार्यक्रमावर दुसरा, दुसऱ्यावर तिसरा. पहिल्या दहा वर्षांतलं जवळजवळ सगळं असंच पुसलं गेलं होतं. म्हणून यंदा, केंद्राच्या पस्तिसाव्या वर्षी, जुन्या गमतीजमतींचा विशेष कार्यक्रम करायचं ठरलं तेव्हा विभागात शोधाशोध सुरू झाली. सर्वांना हवा होता तो सँडलचा प्रसंग.

तो शहरातल्या प्रत्येक घराला पाठ होता. एकोणतीस वर्षांपूर्वी एका संध्याकाळी, पक्ष्यांवरचा कार्यक्रम चालू असताना, केंद्रातून चित्र गेलं. पडद्यावर 'व्यत्यय' अशी पाटी आली. आवाजही बंद झाला आहे अशा समजुतीने निवेदिका स्टुडिओतल्या माणसांशी गप्पा मारू लागली. आवाज चालूच होता. नव्या सँडलनी आपली टाच कशी सोलली, हे तिने एकोणीस मिनिटं सबंध शहराला सांगितलं. दुसऱ्या दिवशी केंद्राच्या दारात लोकांनी पाठवलेले सँडलचे एकवीस जोड येऊन पडले. ते जोड आले याची नोंद सापडते. ती काय बोलली याचं ध्वनिमुद्रण कुठेही नाही.

"तुझ्या वडिलांकडे असेल की रे," आमच्या ध्वनी विभागाचा प्रमुख म्हणाला. त्याला सगळे कानसेन म्हणतात. फितीवरची सुई पडल्याचं ऐकून तो सुईचा नंबर सांगेल, अशी त्याची ख्याती.

"नाही. व्यत्यय आला की ते पॉज दाबत."

"दर वेळी?"

"ते आरेखक होते."

"मग दाबलाच," कानसेनने मान्य केलं. "तरी विचार. तुझं तोंड दुखणार नाही. वापरलंयस कुठे!"

मी त्या रविवारी दुपारी विचारलं. बाबा खिडकीशी बसून वर्तमानपत्राच्या घड्या त्याच्या मूळ घड्यांवरच घालत होते. प्रश्न ऐकताच त्यांचा चेहरा उजळला, कारण त्या संध्याकाळची त्यांची स्वतःची एक कथा होती, आणि ती मी शंभरदा ऐकली होती.

"चित्र गेलं आणि आवाज राहिला, तर दोष अँटेनाचा. हे सरळ गणित आहे. पाटीबिटी यायच्या आधीच मी गच्चीवर गेलो. तुझी आई खालून खिडकीतून सांगत होती आणि मी फिरवत होतो. सहा अंश. सहा अंश फिरवल्यावर चित्र आलं. खांबावर लाल रंगाची खूण आहे अजून."

"पण बाबा, बिघाड केंद्रात होता. पेपरातही आलं होतं."

"केंद्रातला असेल पाच-सात मिनिटांचा. उरलेला आपला होता."

या गणितापुढे मी नेहमीच गप्प बसत आलो होतो. त्या दिवशी मात्र, कसं कोण जाणे, एक प्रश्न तोंडातून निसटला.

"तुम्ही गच्चीवर होतात. मग पॉज कोणी दाबला?"

बाबांच्या हातातली घडी अर्ध्यावर थांबली. एकोणतीस वर्षांत हे त्यांना कुणी विचारलं नव्हतं. त्यांनी स्वतःलाही नाही.

"ती कॅसेट बिघडलेली," ते सावकाश म्हणाले. "अर्धवट कार्यक्रम मी फळीवर ठेवत नसे. माळ्यावर बघ. बुटाच्या खोक्यात."

खोक्यावर लिहिलं होतं: 'पुसण्यासाठी'. आत नऊ कॅसेट होत्या. त्यांच्यावर पुन्हा काही भरायचं राहूनच गेलं होतं. चौथीवर त्याच उभ्या अक्षरांत: 'पक्षी-परिचय, भाग सात. अपूर्ण.'

दुसऱ्या दिवशी सकाळी कानसेनच्या खोलीत आम्ही ती लावली. अकरा मिनिटं प्राध्यापक बगळ्यांवर बोलले. मग एक खरखर झाली, खुर्ची सरकली, आणि बाबांची धावती पावलं दूर गेली. कुठेतरी जिना वाजला. त्यानंतर संचातून निवेदिकेचा आवाज आला, घरगुती, वैतागलेला: "अजून किती वेळ रे? या सँडलमध्ये माझा जीव चाललाय."

कानसेनने टाळी दिली. मी ती घेतली नाही, कारण तेवढ्यात मायक्रोफोनच्या अगदी जवळ कुणीतरी हसलं.

"ऐकलंस का, सोन्या?" तो आवाज म्हणाला. "बिचारीची टाच सोललीय."

माझ्या कल्पनेतला आवाज पातळ होता, फोटोंसारखा फिकट. हा तसा नव्हता. किंचित घोगरा होता, भरदार, प्रत्येक वाक्याच्या शेवटी वर उचललेला, जणू पुढचं वाक्य आधीच दाराशी येऊन उभं आहे.

वरून, खूप लांबून, बाबा ओरडले, "आलं का?"

"नाही हो!" ती खिडकीकडे तोंड करून ओरडली असावी. "थोडं उजवीकडे!" आणि मग पुन्हा जवळ येऊन, हळूच: "उजवीकडे काय नि डावीकडे काय! बिघाड तिकडेच आहे, ती बाई सांगतेय ना? असू देत थोडा वेळ वर. हवा छान आहे. तू बोल. रोज संध्याकाळी त्यांचं यंत्र ऐकत बसतं आणि आपण दोघं मुके. बोल. अं? काय म्हणतोस?"

त्यावर एका आठ महिन्यांच्या बाळाने जे काही सांगितलं, ते बरंच लांबलचक होतं. मी माझ्या आयुष्यात सलग एवढं नंतर कधी बोललो असेन असं वाटत नाही.

"अगं, आता?" गच्चीवरून.

"मुंग्या आहेत नुसत्या! अजून फिरवा!" पडद्यावर तेव्हा मुंग्या नव्हत्या, पाटी होती.

निवेदिका टाचेचं सांगत राहिली. आई तिला उत्तरं देत राहिली. "काढून टाक गं," ती संचाला म्हणाली, "कोण बघतंय?" आणि जरा वेळाने निवेदिका म्हणाली, "काढूनच टाकते बाई." आई इतकी हसली की बाळही हसू लागलं. एकोणीस मिनिटं असं चाललं.

फीत संपली तेव्हा कानसेन माझ्याकडे बघत नव्हता. त्याने बराच वेळ चष्मा पुसला.

"दोन्ही बायकांचे आवाज एकाच पट्टीत आहेत," तो अखेर म्हणाला. "वेगळे नाही होणार. फार तर हा जवळचा आवाज थोडा दाबता येईल. म्हणजे बाई स्पष्ट आणि मागे नुसती कुजबुज. केंद्राला तेच आवडेल."

"दाबू नका."

मी एवढ्या मोठ्याने बोललो की बाहेरून शिपाई डोकावला.

"बरं, नाही दाबत," कानसेन म्हणाला. "पण कॅसेट वडिलांची आहे. त्यांना ऐकव आधी."

हेच मला जमेना. चार दिवस कॅसेट माझ्या खिशात राहिली. मला जे हवं होतं ते मिळालं होतं; पण तेच त्यांच्यापुढे ठेवताना त्यांच्याकडून काहीतरी काढून घ्यावं लागणार होतं. बाबांच्या आयुष्यात अभिमानाच्या गोष्टी फार नव्हत्या. ते सहा अंश होते. आणि दुसरंही एक होतं: आपल्या 'शू'चा तिला किती जाच होत होता, हे त्यांना आता, उत्तर द्यायला ती नसताना, कळणार होतं. दोघांवर सारखी माया करून कुणालाच दुखवायचं नाही, असा मार्ग मी शोधत होतो. तो नव्हता.

शनिवारी दुपारी मी त्यांचा जुना टेपरेकॉर्डर मेजावर ठेवला आणि कळ दाबली. ते ताठ बसून ऐकत होते, हात गुडघ्यांवर. तिचं पहिलं हसू आलं तेव्हा त्यांनी फक्त डोळे मिटले. पण 'असू देत थोडा वेळ वर' या वाक्यापाशी मला राहवेना; माझा हात कळेकडे गेला.

"बाबा, तिचं म्हणणं तसं नव्हतं, ती नुसती..."

"शू," बाबा म्हणाले.

मी हात मागे घेतला. शेवटी जिना पुन्हा वाजला, आणि तरुण, धापा टाकणारे बाबा खोलीत आले: "आलं ना? सहा अंश! बरोबर सहा!" त्यावर आई, अगदी गंभीरपणे: "हो तर. कमाल आहे हं तुमची." मग खट्ट. कळ बंद.

बाबांचा अंगठा मेजाच्या कडेवरून पुढेमागे फिरत होता, पट्टी धरल्यासारखा.

"म्हणजे त्या खुणेला काही अर्थ नाही," ते म्हणाले.

"नाही."

"एकोणीस मिनिटं फिरवत होतो मी. हात भरून आले होते." मग त्यांच्या ओठांचा एक कोपरा हलला. "लबाड होती."

मी केंद्राचं विचारलं. त्यांनी मान हलवली.

"दे. पण तिचा आवाज दाबायचा नाही, सांग त्यांना. आणि तो वरून ओरडणारा मूर्ख आहे ना, तो तेवढा काढता येतो का बघ."

"नाही येत, बाबा. सगळं एकात एक आहे."

"मग राहू दे," ते म्हणाले, आणि कॅसेट पुन्हा सुरुवातीला नेऊ लागले.

विशेष कार्यक्रम पुढच्या महिन्यात एका संध्याकाळी लागला. त्या प्रसंगाला चित्र नव्हतंच, म्हणून पडद्यावर जुन्या पाटीची नक्कल दाखवली होती. 'व्यत्यय' ही अक्षरं येताच बाबा खुर्चीतून उठले.

"कुठे निघालात? आता लागेल ना."

"वर."

"गुडघे..."

"खिडकी उघडी ठेव. मला तिथूनच ऐकायचंय." ते गेले. एकेक पायरी घेत, मध्ये थांबत. खाली निवेदिकेची तक्रार सुरू झाली, मग आईचं हसू, आणि आमच्या गल्लीतल्या सगळ्या उघड्या खिडक्यांतून तेच हसू थोडंथोडं मागेपुढे होऊन बाहेर पडलं. गच्चीवर लोखंडाचा करकराट झाला. त्या अँटेनाची तारही केव्हाच कुणी कापून नेली होती.

"आलं का?" बाबांनी वरून विचारलं.

फितीवरचा त्यांचा प्रश्न अजून यायचा होता. समोरच्या गॅलरीत माणसं उभी होती; तेवढ्यानेच एरवी मी खिडकी लावून घेतो. मी खिडकीशी गेलो आणि अंगात होतं नव्हतं तेवढं बळ आणून ओरडलो,

"नाही हो! थोडं उजवीकडे!"