खात्यावरचं पहिलं नाव

"पंखा नुसता फिरतोय, वारा काय देत नाय," मुरारी कानाशी कुरकुरला. महाडच्या पोस्टात बाकड्यावर टेकल्यापासून हे तिसऱ्यांदा, आणि तिन्ही वेळा नव्यानं. चंद्रभागानं पदरानं त्याला वारा घातला.

मुरारी मुंबईत एका पेढीवर पस्तीस वर्षं हिशेबनीस होता. निवृत्तीची रक्कम त्यानं पोस्टाच्या ज्येष्ठ नागरिक योजनेत दोघांच्या नावे ठेवली, पहिलं नाव अर्थात त्याचं. व्याजावरचा कर पहिल्या नावाला लागतो, म्हणून कर कापू नका असा पंधरा-एच फॉर्म दर एप्रिलला त्यानंच सही करून द्यायचा. "तू दुसरी, तुला फक्त खायचं," असं पोलादपूरहून येताना एसटीत तो दरवर्षी चिडवायचा. यंदा चिडवलं नव्हतं.

गेल्या वर्षी फॉर्म आपण देऊन आलो, असं तो शपथेवर सांगत राहिला. व्याजातून कर कापला गेला तेव्हा चंद्रभागानं काउंटरवरच्या अंकिताला चारचौघांत फैलावर घेतलं, पोस्टानंच हरवला म्हणून. आठ दिवसांनी फॉर्म घरातच सापडला. फणसाच्या आठळ्यांच्या डब्यात, नीट घडी घालून. तिनं तो चुलीत घातला. अंकिताची माफी मागायची राहिली ती राहिलीच. मागायची तर कारण सांगावं लागलं असतं.

आता खात्याची पाच वर्षं भरली होती. पैसे काढून नव्यानं ठेवताना पहिलं नाव आपलं लावायचं, पुढच्या सह्या आपण करायच्या, एवढंच तिनं मनाशी धरलं होतं. त्याला मात्र म्हणाली, करात फायदा होतो, मुलगा सांगत होता. मुंबईच्या मंगेशनंही फोनवर आईची री ओढली होती.

अंकितानं नव्या खात्याचा फॉर्म पुढे केला, सहीच्या जागेवर बोट ठेवलं. गेल्या वर्षीचं काही काढलं नाही. मुरारीनं चष्मा पुसला, फॉर्म वाचला आणि त्याच्यातला हिशेबनीस जागा झाला. सकाळी भाकरी खाल्ली का, हे त्याला सांगता आलं नसतं. कायदा मात्र तोंडपाठ होता. बायकोच्या नावे ठेवला तरी पैसा नवऱ्याचा, व्याज नवऱ्याच्याच उत्पन्नात धरतात, हे त्यानं उलट अंकितालाच समजावलं. फायदा दमडीचा नाही, मंगेशला काही कळत नाही.

"मग नाव कशाला बदलायचं?"

अंकिता शिक्के सारखे करू लागली. चंद्रभागा पिशवीत पासबुक शोधू लागली, जे समोर काउंटरवरच होतं.

तो दोघींकडे आळीपाळीनं बघत राहिला. मग पेनाला टोपण लावून त्यानं पेन चंद्रभागाच्या हातात दिलं.

"फॉर्म तू चुलीत घातलास, ते बघितलं मी. तेवढं बरं ध्यानात राहिलं." त्यानं चष्मा खिशात ठेवला. "माझ्या डोक्यात आता काय रहात नाय गो. तू पहिली हो."