नळीत अडकलेला लोटू

"ओढू नको बेटा, फूंक! बाहर फूंक!"

चंचलबेननी पुन्हा सांगितलं आणि आमच्या धनश्रीने पुन्हा नळीतली हवा आत ओढली.

लिंबायतच्या शाळेत डॉक्टरांची माणसं आली होती, चंचलबेन त्यांच्यातल्याच. निरोगी पोरांच्या छातीत दम किती असतो, ते मोजायला. आजारी पोराचा दम कमी म्हणायचा, तर कशापेक्षा कमी, हे आधी ठरायला नको? पोरीचे आईबाप कामावर, म्हणून सोबतीला मी, तिचा आजोबा, दगा आबा.

"मी बरोबर तं करी राहिनू, आबा!" नाकाला चिमटा लावलेली धनश्री गेंगाण्या आवाजात रडकुंडीला आली.

तिचं खरंच चुकत नव्हतं. लूमवर आडवा धागा नेणाऱ्या धोट्याच्या भोकातून तो धागा तोंडाने ओढून काढायचा, हे लूमवाल्याच्या घरातलं पहिलं शिक्षण. माझा जुना धोटा हेच तिचं खेळणं. लूमवर होतो त्या काळी मी असा दम लावायचो की शेजारच्या लूमवरच्या लोटूचाही धागा माझ्याच तोंडात यायचा. खोटं वाटत असेल तर लोटूला विचारा. तो आता हयात नाही, ही गोष्ट वेगळी.

"काका, आता नाही जमलं तर हिला मोजणीतून सोडावं लागेल," चंचलबेन हळूच म्हणाल्या.

धनश्रीचं तोंड उतरलं. माझंही. उभा जन्म खात्यातली, म्हणजे लूमच्या कारखान्यातली, रुई गिळून माझ्या छातीचा फाटका भाता झालेला. नातीची छाती धड आहे, एवढं कुणीतरी मोजून सांगावं म्हणून तर आलो होतो.

मी तिच्या कानाशी लागलो. "धनू, आमना लोटू शे ना, तो धागा ओढता ओढता ह्या नळीमा अडकी गया. ओढशी तं तुना पोटमा जाई. फुकी दे त्याले बाहेर!"

तिचे डोळे विस्फारले. छाती भरून घेतली आणि असं फुंकलं की मशीनच्या पडद्यावरची रेघ डोंगर चढून गेली.

"और, और, और... शाबाश!" चंचलबेन ओरडल्या. मग आणखी दोनदा. तिन्ही डोंगर सारखे.

"म्हणजे नॉर्मल ना, बेन?"

"काका, नॉर्मल किती, ते हिच्यासारख्यांवरूनच ठरणार."

आमच्या घराण्यात एवढी मोठी पदवी कुणालाच मिळाली नव्हती.

घरी आलो. जिना अर्धा चढलो आणि मला धाप लागली. पायरीवर बसलो. धनश्री शेजारी टेकली.

"सांगा ना आबा, मी कशी फुकनू?"

मी तोंड उघडलं. हवा होती, तिच्यात शब्द मावत नव्हते.

तिने जरा वाट पाहिली. मग माझ्या गुडघ्यावर हात ठेवून स्वतःच सुरू झाली, "मी असं फुकनू आबा, शाळाना पत्रा उडी ग्यात, थेट कडोदरा गावलगुन..."

मी हुंकार देत राहिलो.