विहीर आटल्याची बातमी

आमच्या देशाकडे समुद्र आहे आणि बाकी फारसं काही नाही. पलीकडच्या देशाकडे बाकी सगळं आहे, समुद्र तेवढा नाही. त्यांचा कुणी मंत्री रेडिओवर म्हणाला, "एवढ्या मोठ्या घराला दर्याकडे दार नको?" तेव्हापासून सरहद्दीपलीकडे धुळीचे लोट उठायला लागले. आसब बंदराकडे जाणारी एक वाट आमच्या विहिरीवरून जाते, आणि त्या वाटेवर दुसरं पाणी नाही.

आम्ही अफार, उंट-शेळ्या राखणारी जमात, निम्मी अलीकडे, निम्मी पलीकडे. सरहद्द आखताना आम्हाला कुणी विचारलं नव्हतं. माझी लेक मोमिना रीतीप्रमाणे मामाच्या घरी दिली, आणि मामाचं घर पलीकडे. तिकडून येणाऱ्या प्रत्येकाला मी आधी तिचंच विचारायची.

अशात आमच्याच फौजेचा कप्तान आला. दूध प्यायला, मिशा पुसल्या आणि माझ्या नवऱ्याला म्हणाला, "अय्दाहिस, तुमचा दागू आमच्या वायरलेसच्या पुढे पळतो म्हणे?"

"पळणारच! दागू म्हणजे दोन अफार भेटले की बसायचं, पाहिलं-ऐकलं सगळं सांगायचं. त्यात खोटं मिसळणाऱ्याला आम्ही माणसात धरत नाही." नको तिथं छाती फुगवायची खोडच त्याची.

"म्हणूनच तू सांगायचंस, विहीर आटली. पाणी नाही म्हटल्यावर त्यांचे रणगाडे या वाटेला फिरकायचे नाहीत."

"ते नाही जमायचं, साहेब."

"मग मी विहीर उडवतो. सुरुंग गाडीतच आहेत."

"उडवू दे मेल्याला!" मी आतून ओरडले. "विहीर पुन्हा खणू. गेलेला शब्द कुठून खणशील, म्हाताऱ्या?"

"आणि तोवर उंटांना काय तुझी जीभ चाटायला देऊ?"

कप्तान हसला. त्याला हवा तो होकार मिळाला होता.

दुसऱ्या दिवशी विहिरीपासून दूर, शेळ्या वळताना आम्हाला मिठाचा व्यापारी कदाफो भेटला. तो पलीकडे निघाला होता. नवरा आणि तो बाभळीखाली बसले. कुणाची उंटीण व्याली, कुणाचं लग्न ठरलं, नवऱ्यानं सगळं खरं सांगितलं आणि शेवटी मान खाली घालून म्हणाला, "विहीर आटली." मी बाजूला उभी होते आणि गप्प राहिले. कदाफो हळहळला. उठताना त्यानं स्वतःची अर्धी पखाल आमच्या भांड्यात ओतली. ते पाणी आम्ही घेतलं.

वाट ओस पडली. रणगाडे आले नाहीत, हे खरं. पण मीठवाले आले नाहीत, गुराखी आले नाहीत, मोमिनाकडचं माणूसही आलं नाही. कप्तानानं खूश होऊन साखर पाठवली. मला ती चहात घालवेना.

मग एका दुपारी कदाफो परत आला. आटलेल्या विहिरीवरच्या माणसांची विचारपूस करायला, बिचारा वाट वाकडी करून आला होता. नवऱ्याची मान वर होईना. कदाफोनं रीतीप्रमाणे आधी बातमी सांगितली.

"पलीकडे आज-उद्या जुंपणार. तरण्या पोरांना फौजेत उचलून नेलं, तुझा जावईही नेला. फाट्यावर मोमिना भेटली. दोन पोरं, चार शेळ्या. तुमच्याकडेच निघाली होती."

"मग कुठंय ती?" मी उठलेच.

"मी विहिरीचं सांगितलं. थोरला पोरगा म्हणाला, आई, जाऊन बघू तरी. तिनं त्याला दटावलं. म्हणाली, आजोबांनी दागूत सांगितलंय, ते तपासायला जायचं नसतं. आणि बंदर गाठायला खाऱ्या पटाकडे वळली."

"कधी?"

"परवा."

खारा पट म्हणजे नुसतं मिठाचं मैदान, पाण्याचा थेंब नाही. परवा वळलेली बाई पोरं घेऊन कुठवर गेली असेल, ते आम्हा तिघांनाही कळत होतं.

तेवढ्यात कदाफोच्या उंटांनी पाण्याचा वास घेतला. दोर हिसडून ते विहिरीकडे धावले आणि काठच्या कुंडात माना घालून प्यायला लागले. कदाफो उंटांकडे बघत राहिला, मग माझ्या नवऱ्याकडे. नवरा आमचा उंट सोडायला पळाला. मी पखाली भरायला घेतल्या.

"भाऊ," मी कदाफोला म्हटलं, "तू दुसऱ्या वाटेनं जा. भेटेल त्याला सांग, विहिरीला पाणी आहे. फिरत फिरत तिच्या कानावर जाईल, ती परत फिरेल."

त्यानं मला पखाल उचलून दिली.

"सांगतो, वहिनी," तो म्हणाला. "पण आटल्याचंही मीच सांगत फिरलो. आता कुणाच्या शब्दावर सांगू?"