तिसरा रकाना

"आई, ही रेघ बघ. बघितलीस? वर चाललीय."

ईनासनं फोन चहाच्या पेल्याशेजारी ठेवला. इन्शिराहबाईंनी कपाळावरचा चष्मा नाकावर ओढला. पडद्यावर एक निळी रेघ डावीकडून उजवीकडे सरळ चढत गेली होती, कुठेही अडखळली नव्हती.

"चांगली आहे की. कशाची आहे?"

"तुझ्या विसरण्याची."

इन्शिराहबाईंनी चष्मा पुन्हा कपाळावर चढवला. सदुसष्टाव्या वर्षी आपल्या पोटच्या पोरीनं आपल्या विसरण्याची रेघ काढून दाखवावी, हे काही त्यांना रुचलं नाही. पण मुलगी सकाळीच दुबईहून उतरली होती. तिच्या डोळ्यांखाली काळं दिसत होतं, म्हणून त्यांनी आधी तिचा चहा ओतला.

प्रकरण सुरू झालं होतं जानेवारीत. अलेक्झांड्रियातल्या बाकोस भागातल्या या तिसऱ्या मजल्यावरच्या घरात, नवरा गेल्यापासून बाई एकट्या राहत. एका दुपारी मुलूखियाचं, पालेभाजीच्या रश्श्याचं, पातेलं गॅसवर राहिलं, करपलं, जिनाभर धूर झाला. नेमकी ईनास सुट्टीवर आलेली. परत जाताना तिनं आईच्या फोनमध्ये कामांची यादी ठेवणारं एक अ‍ॅप टाकून दिलं. रोजची सात कामं. गोळी घेणं, गॅस तपासणं, दार लावणं, पंधरा मिनिटं चालणं, आकड्यांचं कोडं सोडवणं, असं. काम झालं की चौकोनात खूण करायची. खूण केली की पडद्यावर रंगीत कागद उडत आणि 'शाब्बास!' असं उमटे. नाही केली की ओळ लाल व्हायची, आणि ती लाली तिकडे दुबईत ईनासलाही दिसायची.

"डॉक्टरांना दाखवली मी ही रेघ," ईनास म्हणाली. "ते म्हणाले, असं रोज थोडंथोडं वाढत जाणं चांगलं नाही. आई, मी शनिवारची दोन तिकिटं काढलीत. घरमालकाशीही बोलले. शुक्रवारी नमाज झाला की तो किल्ली न्यायला येईल."

इन्शिराहबाईंनी चहाची बशी खाली ठेवली. घर जुन्या भाडेकराराचं होतं. एकदा किल्ली दिली की पुन्हा या दारातून आत यायचं नाव नको. एकोणचाळीस वर्षांचा संसार, नवऱ्याची आरामखुर्ची, समोरच्या दारातली शेजारीण मार्सेल, सगळं शुक्रवारच्या दुपारी एका माणसाच्या खिशात जायचं होतं.

"मला न विचारता?"

"विचारलं असतं तर तू नाहीच म्हणाली असतीस."

"मग उत्तर माहीत होतं ना तुला!"

मुलगी काही बोलणार तेवढ्यात गल्लीच्या टोकाच्या मशिदीतून मगरिबची, सूर्यास्ताची अजान सुरू झाली. बाई उठल्या. स्वयंपाकघरात जाऊन गोळी तोंडात टाकली, वर पाणी प्यायल्या, परत येऊन फोन उचलला आणि चौकोनात खूण केली. रंगीत कागद उडाले, पण ओळ लालच राहिली. खाली लिहून आलं, 'सदतीस मिनिटं उशीर.'

"बघ!" ईनास म्हणाली. तिचा आवाज रडका झाला होता. "माझ्या डोळ्यांदेखत!"

"काय बघू? अजान झाली, गोळी घेतली. डॉक्टरांनी मगरिबला घ्या म्हटलंय, मी मगरिबला घेते. रोज घेते."

"वेळ सव्वापाचची आहे, आई."

"ती कुणी ठरवली?"

"मी. जानेवारीत टाकली तेव्हा अजान सव्वापाचलाच व्हायची."

मग इन्शिराहबाईंना हसू फुटलं. इतकं, की त्यांना टेबल धरावं लागलं. आणि हसू ओसरलं तसा संताप चढला.

"वाच," त्या म्हणाल्या. "पहिल्या दिवसापासून गोळीच्या वेळा वाच. मी कॅलेंडर आणते."

बाकोसच्या मुलींच्या शाळेत या बाईंनी एकतीस वर्षं वेळापत्रक लावलं होतं. चोवीस वर्ग, चाळीस शिक्षिका, त्यातल्या निम्म्या एकमेकींशी न बोलणाऱ्या, आणि एकच विज्ञानाची खोली. मोठा कागद, पेन्सिल आणि खोडरबर. त्यांच्या वेळापत्रकात एका तासाला एका वर्गात दोन शिक्षिका कधी उभ्या राहिल्या नाहीत. आता त्यांनी स्वयंपाकघराच्या दारावरचं नमाजाच्या वेळांचं कॅलेंडर काढून आणलं आणि टेबलावर पसरलं.

"दहा जानेवारी, पाच सोळा," ईनास वाचू लागली.

"अजान पाच चौदा. पुढे."

"वीस जानेवारी, पाच पंचवीस."

"अजान पाच तेवीस. पुढे!"

आवाज ऐकून समोरची मार्सेल संत्र्यांची पिशवी घेऊन आत आली. दार उघडंच होतं आणि नसतं तरी ती आलीच असती. "काय झालं? मास्तरीण शाळा भरवून बसलीय?"

"हिनं सूर्यालाच एका जागी बसवलाय," बाई म्हणाल्या. "दिवस मोठा होतोय हे माझ्या मुलीला ठाऊक नाही. दुबईत सूर्य नसतो बहुतेक."

"आमच्या चर्चच्या घंटेवर लाव गं तुझी गोळी," मार्सेल खुर्चीत बसत म्हणाली. "ती तरी जागची हलत नाही."

"विसरणारं माणूस कसं विसरतं, सांगू तुला ईनास?" बाईंनी पेन्सिल टेबलावर आपटली. "आज पाचला घेईल, उद्या आठला, परवा घेणारच नाही. विसरणं उड्या मारतं. रोज नेमानं एकेक मिनिटानं कोण विसरतं? एवढी शिस्त विसरण्याला असती तर मी त्याला शाळेत नोकरी दिली असती!"

ईनासचा चेहरा उतरला होता. ती खालमानेनं पुढे वाचत राहिली आणि एका ओळीवर थांबली.

"नऊ फेब्रुवारी. पाच एक्केचाळीस." तिनं खालची ओळ वाचली. "आणि पुन्हा, सहा पंचवीस. दोन खुणा आहेत, आई. दोनदा घेतलीस?"

मार्सेलनं सोलत असलेलं संत्रं बाजूला ठेवलं. इन्शिराहबाईंनी कॅलेंडरवरचा तो दिवस शोधला आणि त्यावर बोट ठेवलं. त्यांना त्या संध्याकाळचं काहीच आठवेना. अजान आठवली, पण ती रोजचीच. खोटं बोलणं सोपं होतं, बोट चुकून लागलं म्हणायचं.

"ते मी विसरले," त्या म्हणाल्या. "घेतली असेन दोनदा. आठवत नाही."

"मग? मी काय चूक केली?" ईनासला आता रडू आवरेना. "मी तिथं एकटी बसून रोज ते लाल बघते. दर वेळी वाटतं, आता ही जमिनीवर पडली असेल. भीती वाटते मला, आई!"

"मलाही वाटते. पण नीट ऐक. ते विसरले, ते विसरले म्हणून लिही. अजानीला घेतली, ती वेळेवर घेतली म्हणून लिही. आणि चालायला मी एक दिवसही गेले नाही, बरोबर?"

"एकदाही नाही. सगळं लाल."

"ते मी विसरलेले नाही. मला जायचंच नाही. फुटपाथ उखडलेत, पाय मुरगळला तर तूच ओरडशील. मी जिन्यानं दोनदा वर-खाली करते ते बास आहे. आणि आकड्यांचं कोडं? जन्मभर आकड्यांत डोकं घातलं, आता घालणार नाही. वेळेवर केलेलं, विसरलेलं आणि नाकारलेलं, या तिन्ही गोष्टी तू एकाच लाल रंगात रंगवल्यास आणि डॉक्टरला नेऊन दाखवल्यास. न आठवणारी बाई वेगळी आणि न ऐकणारी बाई वेगळी!"

"तू दुसरी," मार्सेल म्हणाली. "याची साक्ष मी कोर्टातसुद्धा देईन."

ईनासनं नाक पुसलं. ती बोलून चालून याच आईची मुलगी. "ठीक आहे. अ‍ॅप बदलू. तुला काय काय हवं ते सांग, मी शोधते."

मग तिघी फोनवर वाकून बसल्या आणि अ‍ॅपांची परीक्षा सुरू झाली. पहिल्याचं अक्षर मुंगीएवढं, नापास. दुसरं स्वतःच ठरवायचं की कुठलं काम महत्त्वाचं. "ते मी ठरवेन," बाई म्हणाल्या. तिसऱ्यात अजानीची वेळ लावता येत होती, पण काम झालं की टाळ्या वाजायच्या. "गोळी गिळली म्हणून टाळ्या? मी काय दोन वर्षांची आहे?" चौथं शांत होतं, स्वच्छ होतं. बाईंनी ते बराच वेळ वर-खाली सरकवून पाहिलं.

"तू बघतेस तेव्हा मला कळतं का, यात?"

"म्हणजे?"

"तू तिकडून माझी यादी उघडलीस की मला दिसायला हवं. दाराच्या फटीतून बघू नकोस. दार वाजव आणि ये."

"ते... नाही कळत."

"आणि 'करणार नाही' लिहायची जागा?"

ईनासनं शोधलं. पाचव्यात शोधलं, सहाव्यात शोधलं. 'केलं' होतं, 'राहिलं' होतं, 'पुढे ढकललं' होतं, 'काढून टाकलं' होतं. माणसानं विचार करून नाही म्हणायची सोय एकातही नव्हती.

"बनवणाऱ्यांना वाटलंच नसेल," मार्सेल म्हणाली.

इन्शिराहबाईंनी कपाटातून मोठा कागद काढला, पट्टी लावली आणि चार उभ्या रेघा मारल्या. डावीकडे कामं. पुढे 'केलं'. त्यापुढे 'विसरले'. आणि खुणांचा तिसरा रकाना, इतरांहून जरा रुंद, 'करणार नाही'. चालण्यापुढे आणि कोड्यापुढे त्यांनी तिथल्या तिथे खूण करून टाकली. खाली आणखी एक ओळ लिहिली, 'शुक्रवारी किल्ली देणे', आणि तिसऱ्या रकान्यात अशी ठसठशीत खूण केली की कागद फाटायचा राहिला.

"मालकाला मी सांगते फोन करून," त्या म्हणाल्या. "तुझं तिकीट तुझ्यापाशी ठेव. माझं परत कर. रोज रात्री जेवायच्या आधी या कागदाचा फोटो पाठवेन. त्यात खोटी खूण दिसली तर तू ये आणि मला उचलून ने, मी तोंडातून शब्द काढणार नाही. कबूल?"

ईनासनं कागद स्वतःकडे ओढला. "आणि 'विसरले' भरायला लागलं तर?"

"तर तो रकाना तुला सांगेल. ती रेघ नको."

शनिवारी ईनास एकटीच गेली.

मंगळवारी संध्याकाळी इन्शिराहबाई हातात पेन्सिल घेऊन कागदासमोर उभ्या राहिल्या. अजान होऊन गेली होती, बाहेर अंधारलं होतं. ओट्यावर अर्धा भरलेला पाण्याचा पेला होता आणि शेजारी गोळ्यांचं पाकीट. गोळी घेतली का? त्यांनी पाकिटातल्या गोळ्या मोजल्या. नऊ. काल किती होत्या ते आठवेना. पेल्याला हात लावून पाहिला, डोळे मिटले, अजानीपासूनचं एकेक आठवायचा प्रयत्न केला. समोर मार्सेलच्या घरात अंधार होता, ती बहिणीकडे गेली होती. विचारायला कुणी नव्हतं आणि बघायलाही कुणी नव्हतं. 'केलं'चा रकाना शेजारीच होता, बोटभर अंतरावर.

त्यांनी पेन्सिल खाली ठेवली. ड्रॉवरमधून शाईचं पेन काढलं, 'विसरले'मध्ये खूण केली, फोटो काढला आणि पाठवून दिला.

मिनिटभरात फोन वाजला. "आई..."

"हो, घेतली की नाही ते विसरले. लिहिलंय ना? वर दुसरी घेतलेली नाही, उद्या सकाळी डॉक्टरांना विचारेन. आता दुसरं काहीतरी बोल. जेवलीस?"

मग ईनास म्हणाली, "नाही अजून. भात केलाय."

"कशाबरोबर?" इन्शिराहबाईंनी विचारलं, आणि ऐकायला खुर्ची ओढून बसल्या.