तेराला शून्य

नगरपालिकेने यंदा घरोघर एक कागद वाटला. ‘सरत्या वर्षातले आपले सोनेरी क्षण दहा ओळींत लिहून द्या, जानेवारीच्या पत्रकात छापू.’ समोरच्या डॉक्टरीणबाईंनी लॅव्हेंडरचा बहर आणि नातवाचा पहिला दात लिहून दिला म्हणे. देऊ देत बापड्या. माझे क्षण दहा ओळींत मावायचे नाहीत आणि छापायची तर कुणाची छाती नाही. म्हणून इथेच सांगते.

माझं वर्ष जानेवारीत सुरू होत नाही. ते सुरू झालं त्याच्या आदल्या ऑगस्टच्या सोळा तारखेला, सेंट रोकच्या जत्रेत, जेव्हा गास्पारने माझ्या नवऱ्याला, आपल्याच जुन्या मित्राला, ओनोरेला, भर गावासमोर गुडघे टेकायला लावले.

खेळ गोळ्यांचा. आमच्या व्हालसेश गावात दुसरा खेळ नाहीच. लाकडी गोटी लांब टाकायची, तिच्याजवळ लोखंडी गोळे न्यायचे, ज्याचा गोळा जवळ त्याला गुण. तेरा झाले की डाव संपला. आणि एकही गुण न घेता हरलात तर फॅनी. जिल्बेर्तच्या बारमध्ये कॉफीच्या यंत्राशेजारी लाल पडद्यामागे ती असते. प्लास्टरची बाई, पाठमोरी, परकर कमरेपर्यंत वर. शून्यावर हरलेल्याने तिच्यासमोर गुडघे टेकायचे आणि तिच्या ढुंगणाचा मुका घ्यायचा. जिल्बेर्त घंटा बडवते, गाव हसतं, चार दिवस चिडवतं आणि विसरतं.

पण बाराला शून्य झालं की भला माणूस हात आवरतो. एक गोळा मुद्दाम वाकडा टाकतो, समोरच्याला एक गुण घेऊ देतो. हे कुणी बोलून दाखवत नाही, करतात सगळे. आमच्या महापौराने तर स्वतःच्या जावयालाही एक गुण सोडला होता, आणि तो जावई त्याला डोळ्यासमोर नको असतो.

त्या दिवशी ओनोरेचा हात थरथरत होता. एकदा तर गोळा सुटून त्याच्याच पायाशी पडला. मला वाटलं, ऊन लागलं. मागाहून कळलं, हात वसंतापासूनच थरथरत होता आणि हे त्याने एकट्या गास्पारला सांगितलं होतं. मला नाही! बेचाळीस वर्षं ज्याच्या मोज्यांना ठिगळं लावली त्याने मला नाही सांगितलं. असो. सांगायचं ते हे, की गास्पारला माहीत होतं. बाराला शून्य असताना ओनोरेचा शेवटचा गोळा देवाच्या कृपेने गोटीला जाऊन टेकला. गास्पारच्या हातात एकच गोळा उरलेला. त्याने तो फडक्याने पुसला, ओनोरेकडे पाहिलं आणि नेम धरून मारला. टण्ण! ओनोरेचा गोळा प्लाटानच्या झाडाखाली जाऊन पडला आणि गास्पारचे तेरा झाले.

ओनोरेने गुडघे टेकले. मुका घेतला. उठायला त्याने बारच्या फळीचा आधार घेतला, तर त्याच्या हाताबरोबर फळीवरचे सगळे ग्लास किणकिणायला लागले. हसणारे एकदम गप्प झाले. ते गप्प होणं मला जास्त लागलं. घरी येऊन त्याने टोपी खुंटीला टांगली, चौकाकडच्या खिडकीची झडप ओढली, तिच्या फटीशी खुर्ची टाकली आणि तिथेच बसला. त्यानंतर तो घराबाहेर पडला नाही. ना चर्चला, ना न्हाव्याकडे. मी मनात म्हटलं, तो मेला गास्पार जसा गुडघ्यावर येईल तसा माझा माणूस बाहेर येईल. एवढंच मला हवं होतं. माझा नवरा टोपी घालून दाराबाहेर पडलेला मला बघायचा होता.

तर आता माझे सोनेरी क्षण.

सप्टेंबर. गास्पार मागच्या बागेच्या दाराने आला. पन्नास वर्षं तो त्याच दाराने येतो. हातात अंजिरांची टोपली.

“ओनोरे आहे का, रोझलीन?”

“नाही. चंद्रावर गेलाय.”

“दोन मिनिटं बोलू दे मला त्याच्याशी.”

“बोललास की भर चौकात! गोळ्याने बोललास, सगळ्या गावाने ऐकलं. चल, नीघ.”

“बरं, मी येऊन गेलो एवढं तरी सांग त्याला.”

“सांगते हं,” म्हटलं आणि दाराला कडी घातली. अंजिरं त्याच्या देखत कोंबड्यांना टाकली. ओनोरेला काही सांगितलं नाही. कशाला त्याच्या जखमेवर मीठ?

ऑक्टोबरात द्राक्षतोडणीच्या शेवटच्या दिवशी मळ्यात सगळ्यांना जेवण नेहमी मी घालते. साठ पानं वाढली, एकाच पानातल्या डाळीत मूठभर मीठ टाकलं. गास्पारने मुकाट्याने पान साफ केलं आणि तांब्याभर पाणी प्यायला. मला त्याचाही राग आला. थुंकला असता तर बरं वाटलं असतं.

नोव्हेंबरात मृतांच्या दिवशी शेवंतीच्या कुंड्या घेऊन स्मशानात गेले. गास्पारच्या बायकोच्या थडग्यावर दरवर्षी मी एक कुंडी ठेवते, मैत्रीण होती माझी. या वर्षी नाही ठेवली. तो तिथेच उभा होता. म्हणाला, “तिने काय केलं होतं?” मी म्हटलं, “तुझ्याशी लग्न.” हे मात्र रात्री टोचलं, खोटं कशाला बोलू? दुसऱ्या दिवशी कुणी नसताना ठेवून आले.

डिसेंबरात नाताळच्या संध्याकाळी आमच्याकडे तेरा गोड पदार्थ मांडतात. गास्पार विधुर, तेव्हा त्याचं ताट दरवर्षी माझ्या घरून जातं. या वर्षीही पाठवलं, वर इस्त्रीचा रुमाल घालून. रुमालाखाली अक्रोडाची तेरा टरफलं. मोजून तेरा! मी एकटीच स्वयंपाकघरात पोट धरून हसले. ओनोरेने विचारलं, काय गं झालं? म्हटलं, काही नाही, नूगाची वडी दाताला चिकटली.

जानेवारीत पत्र आलं. पाकिटावर ओनोरेचं नाव, अक्षर गास्पारचं. चूल पेटवायला कागद हवाच होता.

फेब्रुवारीत मी ओनोरेचे गोळे माळ्यावरून काढले. मागे बागेत, ऑलिव्हच्या झाडांखाली, गोटी टाकायची आणि मारत सुटायचं. पहिल्या आठवड्यात दोन कुंड्या आणि कोंबड्यांचं भांडं फुटलं. मी चौसष्ट वर्षांची बाई, कमरेने बोंब मारली. पण सोडलं नाही. आणि एका सकाळी वरून मागची खिडकी उघडली.

“मनगट!” ओनोरे ओरडला. “अगं, मनगट आत वळव! पाव भाजतेयस का तू?”

मी वर पाहिलं. दाढी वाढलेली, अंगात बनियन, पण डोळे जागे. कित्येक महिन्यांनी त्याचा आवाज चढला होता.

“मग ये ना खाली, दाखव.”

“इथूनच दाखवतो. गुडघा वाकव. गोळा फेकायचा नाही, सोडायचा.”

हा क्षण खरा सोनेरी, हे मी मान्य करते. मार्चपासून जुलैपर्यंत रोज सकाळी तो खिडकीत आणि मी खाली. “बघ कुठे मारतेस ते! तुझ्या बापाचं झाड आहे का ते?” “तुझ्याच बापाचं आहे!” असं आमचं चालायचं. मी कशासाठी शिकतेय हे त्याने विचारलं नाही. त्याला वाटलं असेल, त्याला रिझवायला. जूनमध्ये मी दहातले सात गोळे उडवायला लागले. त्या दिवशी त्याने वरून नुसतं “हं” केलं. त्याच्याकडून “हं” म्हणजे फार झालं.

दरम्यान, ओनोरे दुपारचा चौकाकडच्या खिडकीशी असताना, गास्पार आणखी दोनदा बागेच्या दाराशी येऊन गेला. एप्रिलमध्ये मी पाणी मारायची नळी त्याच्यावर धरली. मे महिन्यात दार उघडलंच नाही.

आणि सोळा ऑगस्ट. चौकात मांडव, वाद्यं, सगळं गाव. गास्पार प्लाटानखाली बसला होता. मी गोळ्यांची पिशवी त्याच्या पायाशी आपटली.

“ऊठ. खेळ माझ्याशी.”

महापौर मध्ये आले. “मादाम, अहो, नावं तर परवाच घेतली आम्ही...”

“तुम्ही बसा हो! ज्याने फॅनी दिली त्याने त्या घराला डाव नाकारायचा नाही. तुमच्या वडिलांच्या वेळचा नियम आहे की नाही?”

“आहे,” जिल्बेर्त बारच्या दारातून ओरडली. “खेळू द्या तिला!”

“पण नियम पुरुषांचा...” कुणीतरी पुटपुटलं.

“मग गास्पारने परकर नेसावा, मी विजार घालते,” मी म्हटलं आणि चौक हसला. गास्पार हसला नाही. उठला, फडकं काढलं आणि गोळे पुसायला लागला.

त्याने मला कमी लेखलं नाही, एवढं म्हणेन. मनापासून खेळला. पण तो एकाहत्तरचा, आणि माझ्या अंगात वर्षाचा राग. तो गोळा नेऊन गोटीशी टेकवायचा, मी उडवायची. पुन्हा टेकवायचा, पुन्हा उडवायची. तीन, पाच, आठ. लोक आधी माझ्या नावाने ओरडत होते. दहाच्या पुढे आवाज बारीक झाला. बाराला शून्य झालं तेव्हा मांडवातली वाद्यंही थांबली.

त्याचा शेवटचा गोळा गोटीपासून चार बोटांवर थांबला. माझा त्यामागे वीतभर. माझ्या हातात एक गोळा उरलेला. सगळ्यांना ठाऊक होतं, आता वाकडा टाकायचा असतो. जिल्बेर्तने माझ्याकडे बघून हळूच मान हलवली. असू दे, जाऊ दे, अशी.

गास्पारने एकच विचारलं. “ओनोरे कसा आहे?”

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. तू विचारतोस? तू? मी मनगट आत वळवलं, गुडघा वाकवला आणि गोळा सोडला. टण्ण! त्याचा गेला, माझा तिथेच बसला. तेरा.

कुणी टाळी वाजवली नाही. गास्पार बारमध्ये गेला, टोपी काढली, फळीला धरून एकेक गुडघा खाली टेकला. जिल्बेर्तने पडदा सरकवला, पण घंटा वाजवेना. “वाजव,” मी म्हटलं. तिने वाजवली. त्याने मुका घेतला. माझ्या पोटात काय थंडावा पडला म्हणून सांगू! वर्षभराची तहान भागली. पाद्रीबाबा सांगतात, सूडाने माणूस आतून रिकामा होतो. काही होत नाही. मी तुडुंब होते.

मी तशीच घरी धावले. जिने चढताना दम लागला.

“ओनोरे! टोपी घाल! हरवलं त्याला, तेराला शून्य! गुडघ्यावर बसवला! सगळ्या गावाने पाहिला! चल, ऊठ, आता तुला कुणाची भीती नाही.”

तो खुर्चीतून उठला. आनंदाने उठला असं वाटलं मला.

“शून्य?” तो म्हणाला. “इथून नुसत्या लोकांच्या पाठी दिसत होत्या. एकही नाही सोडलास?”

“त्याने सोडला होता का तुला?”

“मी शपथ घातली होती त्याला.” त्याचा हात खुर्चीच्या पाठीवर थरथरत होता. “खेळाआधी. म्हटलं, गास्पार, माझा हात गेलाय, हा माझा शेवटचा डाव. कीव करून एक गुण जरी सोडलास तर तुझं तोंड बघणार नाही. माणसासारखा खेळ माझ्याशी. तो नाही म्हणत होता. मी ऐकलं नाही.”

“आणि मला का नाही सांगितलंस?”

“तू खेळू दिलं असतंस मला?”

नसतं दिलं. गोळे विहिरीत टाकले असते.

“मग वर्षभर असा कोंडून का बसलास, मेल्या? लाजेने नाही तर कशाने?”

“पहिले चार दिवस लाजेने,” ओनोरे म्हणाला. “मग त्याची वाट बघत. मला वाटलं, येईल आज, उद्या येईल. इथून सगळा चौक दिसतो. तो बारमधून निघायचा आणि दुसरीकडे वळायचा. म्हटलं, माझा हात बघून शिसारी आली असेल त्याला. पन्नास वर्षांचा मित्र, रोझ, आणि एकदाही आला नाही.”

अंजिरं, पत्र, नळी, यातलं मी त्याला काहीच सांगितलं नाही.

“पण चूक माझीच,” तो म्हणाला. “शपथ मी घातली, भोगलं त्याने. वर्षभर तुझ्या शिव्या खाल्ल्या आणि तुलाही काही बोलला नाही.” त्याने खुंटीवरची टोपी काढली, झटकली, घातली. जिन्यावर त्याची पावलं हळूहळू खाली गेली. दार उघडलं. वर्षाने माझा नवरा घराबाहेर पडला.

मी झडप सताड उघडली. गास्पार प्लाटानखालच्या बाकावर एकटाच बसला होता, गुडघ्यांना बारमधली धूळ. लोकांनी ओनोरेला वाट करून दिली. तो बाकाशी गेला, खिशातून रुमाल काढला आणि त्या थरथरत्या हाताने गास्पारचे गुडघे झटकायला लागला. गास्पारने त्याचा हात धरून त्याला शेजारी बसवलं. मग ओनोरेने काहीतरी विचारलं. काय ते मला इथून ऐकू आलं नाही, पण ऐकायची गरज नव्हती. गास्पार आधी नुसता मान हलवत राहिला. ओनोरेने त्याचा दंड धरून पुन्हा विचारलं. गास्पार खाली बघत थोडंसंच बोलला, दोन वाक्यं असतील नसतील.

ओनोरेची मान वळली आणि त्याने वर आमच्या खिडकीकडे पाहिलं. मी मागे सरले नाही. तो बघत राहिला, आणि मीही.