पाण्याखाली घेतलेलं नाव

बुरुलने सहा वर्षांत 'मासा' हा शब्द तोंडातून काढला नव्हता. लग्न होऊन ती इसिक-कुल सरोवराच्या काठावरच्या या घरात आली, तेव्हा सासूने, म्हणजे अपाने, पहिल्याच दिवशी कानात सांगितलं होतं, "आपल्यात सून सासऱ्याचं नाव घेत नाही. नावासारखा शब्दही घेत नाही." सासऱ्याचं नाव बालिकबाय, आणि बालिक म्हणजे मासा! तेही मासेमारांच्या गावात! दुसरी कुणी असती तर माहेरी फोन करून रडली असती. बुरुलला हसू फुटलं. तेव्हापासून मासे झाले 'खवलेवाले'. रस्त्याकडेला धुरावलेले मासे विकणाऱ्या बायकांना ती सांगायची, "दोन खवलेवाले द्या, जरा जाडसर बघून." गावातल्या बाकीच्या सुना हल्ली असलं काही पाळत नाहीत. बुरुल पाळायची, कारण सासरे, ज्यांना ती अताके म्हणायची, तिला मनापासून आवडायचे, आणि दर वेळी 'खवलेवाले' ऐकलं की म्हातारा खुदकन हसायचा.

एवढा हसरा माणूस, पण सरोवराकडे पाठ करून बसायचा. त्याला कारण होतं एक होडी.

चाळीसेक वर्षांपूर्वी, सामुदायिक मासेमारीच्या काळात, अताकेंची लोखंडी होडी वादळात बुडाली आणि ते पोहत काठाला लागले. त्यांचा कुरदाश, म्हणजे एकाच साली जन्मलेला जोडीदार, शारशेन. कुरदाशाने कुरदाशाला काहीही बोलावं, कुणी रागवायचं नाही, अशी रीतच आहे. शारशेन ओल्या अंगाच्या मित्राला बघून म्हणाला होता, "बुडाली कसली! पलीकडच्या काठावर विकून खाल्लीस तू!" लोक हसले. मग प्रत्येक समारंभात हसत राहिले. पुढे पुढे गावात कुणाची मेंढी हरवो की छत्री, 'बालिकबायच्या होडीसारखी बुडाली' असंच म्हणायची पद्धत पडली. अताकेही हसायचे. पण त्या हसण्याच्या वेळी त्यांच्या हातातला चहाचा वाडगा ओठांपाशी येऊन थांबतो, हे बुरुलने पाहिलं होतं, आणि तिला शारशेनचा भयंकर राग यायचा.

यंदा वसंतात गेनाला जुन्या धक्क्याच्या पुढे तळाशी एक लोखंडी होडी दिसली. गेना म्हणजे नौदलातून निवृत्त झालेला रशियन पाणबुड्या. हल्ली तो पर्यटकांना बुड्या मारायला शिकवतो. बातमी ऐकून शारशेन म्हणाला, "लोखंडाचं काय एवढं? त्या तळाशी अर्धं सोव्हिएत युनियन पडलंय! नाव दाखवा, नाव!" अताकेंनी त्या सरकारी होडीवर लाल रंगात स्वतःचंच नाव रंगवलं होतं आणि त्यापायी मासेमारी संघाच्या अध्यक्षांच्या शिव्या खाल्ल्या होत्या, हे अख्ख्या गावाला ठाऊक होतं.

अताकेंना ऐंशी वर्षं पूर्ण होत होती. शरदात तोय, म्हणजे गावजेवणाचा समारंभ, घालायचा ठरला होता, दोनशे पानांचा. बुरुलचा धंदाच मुळी तोयचं शूटिंग करण्याचा: लग्न असो, बारसं असो, जिथे मटण शिजतं आणि माणसं नाचतात तिथे बुरुल कॅमेरा घेऊन हजर. तिने जाहीर केलं, "त्या दिवशी मोठ्या पडद्यावर नाव दाखवीन."

"तूच शूट कर की, गेना बायके," असंही तिने आधी म्हणून पाहिलं होतं; बायके म्हणजे थोरला भाऊ.

"मला पाणसुरुंग निकामी करता येतात," गेना म्हणाला. "कॅमेरा नाही येत. तू बुडायला शीक."

ती शिकली. तिसऱ्या आठवड्यात कॅमेरा जलरोधक डब्यात घालून, पाठीवर हवेचं नळकांडं बांधून ती गेनाबरोबर होडीपाशी उतरली, आणि नवरीला बघून करायची तेच तिने होडीला बघून केलं. होडीभोवती गरागरा फिरली, वरून झेपावली, नाकापर्यंत जवळ गेली, झपकन मागे आली. आमच्याकडे तोयच्या शूटिंगमध्ये नवरीभोवती तीन फेरे मारले नाहीत, तर नवरीची आई पैसे देत नाही.

घरी टीव्हीवर ते लावलं तेव्हा शारशेन नेमका चहाला टपकलेला. अपाने डोळ्यांवर हात घेतला. "बंद कर गं, मला ओकारी येईल."

"काय दिवे लावलेस, सूनबाई!" शारशेन मांडीवर थाप मारून म्हणाला. "हे काय, कपडे धुवायच्या मशिनच्या आत बसून काढलंस?"

अताके हसले. वाडगा ओठांपाशी थांबला.

"पाण्यात तू नाचायचं नसतं," दुसऱ्या दिवशी गेनाने बजावलं. "नाचायला पाणी आहे, मासे आहेत. तू फक्त थांबायचं."

"खवलेवाले," बुरुलने दुरुस्ती केली.

थांबणं तिला येईना. हात थांबवले तर पाय चालत. पायातल्या रबरी पंखांनी ती तळाचा गाळ असा काही घुसळी, की पडद्यावर नुसता दुधाळ चहा. गेनाचा घसा बसला. सांगून थकला, ओरडून थकला. शेवटी काठावर बोरसोकचा, तळलेल्या पिठाच्या गोळ्यांचा, डबा घेऊन आलेल्या अपाने विचारलं, "नक्की दुखणं काय आहे पोरीचं?"

"पाय ऐकत नाहीत तिचे."

"म्हणजे पाण्यात अजून चालताच येत नाही की! मग तसं सांगायचं ना!" अपाने पिशवीतून काळी आणि पांढरी लोकर काढली आणि तिथेच दगडावर बसून पीळ घालायला घेतला.

बाळ पहिली पावलं टाकू लागलं की त्याचे घोटे अशाच काळ्यापांढऱ्या दोऱ्याने बांधतात, मग लोक शर्यत लावून धावत येतात, आणि जो पहिला येतो तो दोरा कापतो. की मूल मोकळं. हा विधी बत्तीस वर्षांच्या सुनेवर, ओल्या रबरी पोशाखावरून होताना पाहून गेना हसत हसत पाण्यात बसला.

पण दोऱ्याने काम केलं. कमरेइतक्या पाण्यात बुरुल पालथी तरंगायची, वाळूपासून हातभर वर, कोपरं पोटाशी, कॅमेरा दोन्ही हातांत. पाय झाडला की दोरा तुटे. अपा घागरा खोचून पाण्यात उतरे, पुन्हा बांधे आणि पुन्हा बोलणी देई. हळूहळू बुरुलला गंमत कळली. श्वास आत घेतला की आपण जरासं वर जातो, सोडला की जरासं खाली येतो. बाकी काही करायचंच नाही! आणि तुम्ही काही करेनासे झालात की खवलेवाले स्वतःहून येतात, मास्कच्या काचेत डोकावतात, भुवया असत्या तर उंचावल्या असत्या इतके चकित होतात. तिला इतका आनंद झाला, की नळी तोंडात असूनही ती हसली आणि नाकातोंडात पाणी गेलं.

एका संध्याकाळी अख्खं नळकांडं संपलं तरी दोरा शाबूत राहिला. अपाने चपला काढल्या, पिशवीतली कात्री उंच धरली आणि काठावरून धावत सुटली. शर्यतीत ती एकटीच होती, पहिली आली, आणि दोरा कापून वर टाळ्याही स्वतःच वाजवल्या.

तोयच्या आदल्या दिवशी शेवटची बुडी. स्वतःच्या होडीत बसताना गेनाने तिच्या हातात दिवा दिला. "लाल रंग पाणी सगळ्यात आधी गिळतं. दिवा जवळ ने आणि बाजूने धर. समोरून मारलास तर नुसता गाळ चमकेल."

"म्हणजे एकदाचे दिवे लावायचेच म्हणा की," बुरुल म्हणाली आणि पाठीवर पाण्यात पडली.

तळाशी बुडालेल्या होडीचं नाक हिरवंकरडं होतं. त्यावर काही म्हणजे काही दिसेना. तिने तळहाताने शेवाळ पुसलं, ढग उठला. पूर्वीची बुरुल त्या ढगात घुसली असती. ती थांबली. श्वास वर, श्वास खाली. नाव उडून गेलं असेल तर? शारशेन उद्या दोनशे माणसांसमोर काय म्हणेल? गाळ खाली बसला. तिने दिवा बाजूने जवळ नेला.

आणि लाल उमटलं. एक अक्षर, दुसरं, तिसरं, शेवटचं जरा वाकडं. हात हलले नाहीत, पाय हलले नाहीत, कॅमेरा दगडासारखा स्थिर. फक्त तोंड तिच्या ताब्यात राहिलं नाही.

तोयच्या संध्याकाळी मांडवात दिवे मालवले. संगीत जोडायला वेळ मिळाला नव्हता, त्यामुळे पाण्यातला मूळ आवाजच मोठ्या कर्ण्यांतून येत होता, बुरुलचा श्वास. खर्रर्र. बुडबुड. पडद्यावर होडी शांत उभी. कुणी चमचा वाजवेना. शारशेन कल्पाक टोपी मागे सरकवून पुढे वाकला. मग अंधारातून लाल अक्षरं वर आली आणि सगळा मांडव शाळेतल्यासारखा एकेक अक्षर मोठ्याने वाचू लागला. ते वाचून संपतं न संपतं तोच कर्ण्यांतून, बुडबुड्यांच्या गदारोळातून, बाईच्या आवाजात आरोळी आली:

"बाऽऽलिक-बाऽऽय!"

मांडव थिजला. सुनेने सासऱ्याचं नाव घेतलं. कर्ण्यावरून. बुरुलने चेहरा दोन्ही हातांनी झाकला आणि ती पडद्यामागे पळाली.

"पाण्याखालचं धरत नाहीत!" अपा कडाडली.

मग जो हशा उठला तो आवरेना. आचारी हसले, म्हातारे एकमेकांवर पडले. त्या गोंधळात शारशेन उठला, डोक्यावरचा कल्पाक काढून हातात धरला आणि म्हणाला, "कुरदाश, बुडालीच होती रे तुझी होडी. माझ्या जिभेला हाड नाही."

अताकेंचं त्याच्याकडे लक्षच नव्हतं. त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ते पडद्यामागच्या सावलीकडे बघत होते.

"पोरी," त्यांनी हाक मारली, "ते पुन्हा लाव."

"कुठून लावू, अताके?" पडद्यामागून आवाज आला. "होडी दिसते तिथून?"

"होडी राहू दे गं," म्हातारा म्हणाला. "तू मला हाक मारलीस ना, तिथून."