आईचा रंग

काशोएरा गावातल्या तरुण फोटोवाल्या पोरींनी जुन्या फोटोवाल्या झेनायदेचा सत्कार ठरवला होता. काळ्या बायकांनी काढलेल्या फोटोंचं प्रदर्शन, आणि दारातच, सगळ्यांत मोठा, तिचा लाडका फोटो. तिच्या चौऱ्याहत्तराव्या वर्षी का होईना, गावाला जाग आली म्हणायची! झेनायदेनं भिंतीवरचा आईचा फोटो उतरवला, काच पुसली आणि तैनाराच्या हाती दिला.

तैनारा त्या पोरींची म्होरकी. ती बघतच राहिली. "मावशी, ही गोरी बाई कोण? तुमची मालकीण?"

"मालकीण कसली! माझी आई आहे ती. सिगारच्या कारखान्यात पानं वळायची."

म्हणाली खरी, आणि फोटो परत हातात घेऊन बघू लागली.

त्या काळी फोटोवर हातानं रंग भरायची रीत होती. गिऱ्हाईक कोट मागायचं, मोत्यांची माळ मागायचं, आणि निघताना हळूच म्हणायचं, "जरा उजळ कर हं." झेनायदे करायची. तिचा हात त्यात असा बसलेला, की नदीपलीकडच्या साओ फेलिक्सची माणसं पूल ओलांडून तिच्याकडे यायची. आईनंही तेच म्हटलं होतं. चाळीस वर्षं अख्ख्या गावाला गोरं केलं, आणि आता हार तिच्याच गळ्यात! तिला स्वतःची लाज वाटली.

निगेटिव्ह तर पुरात केव्हाच गेल्या होत्या. "थांब," ती म्हणाली. "वरचा रंग काढते. खाली आई असेल. ती होती तशी लाव दारात."

टर्पेंटाइनच्या बोळ्यानं ती गाल पुसू लागली. गुलाबी रंग निघाला, ओठ निघाले, माळ निघाली. खाली पांढुरका कागद आणि दोन पुसट डोळे. रंग नीट बसावा म्हणून खालचा फोटो मुद्दाम फिका छापायचा, हे तिनंच किती जणींना शिकवलं होतं. नेमकं आजच विसरली.

"कशी गं दिसायची माझी आई?" तिनं विचारलं. "मला तिचा रंगच आठवत नाही."

तैनारानं एक स्टूल पुढं ओढलं. "तुम्ही तिचीच लेक ना, मावशी? बसा इथं. तुमचा फोटो लावू."

झेनायदे खिडकीपाशी स्टुलावर बसली. डोक्याचा रुमाल सारखा केला, हनुवटी उचलली. तैनारानं कॅमेरा डोळ्याला लावला.

"जरा उजळ काढ हं, पोरी."

तैनाराचा कॅमेरा खाली आला. आपण काय बोललो ते झेनायदेला तेव्हा कळलं, आणि तिनं दोन्ही हातांनी तोंड झाकून घेतलं.